निपातची चालती प्रतिकृती आणि कारवारची चपळ: १९७१ ची क्षेपणास्त्र नौका नेमकी कशी होती?

रंकाळा_काठ:
४ डिसेंबरला, नौदल दिनी, कोल्हापूरच्या रंकाळा तळ्यात सोडण्यासाठी ‘निपात’ची चालती प्रतिकृती करायची ठरली आहे. प्रमाण १:४०. आराखडे हाताशी नाहीत, म्हणून कारवारच्या किनाऱ्यावर संग्रहालय म्हणून उभी असलेली ‘चपळ’ मोजून त्यावरून काम करायचं, असं ठरतंय. प्रतिकृती नंतर शाळेत कायमची राहील. तीन गोष्टी विचारायच्या आहेत. चपळवर नेमकं काय काय मोजायचं? तीन इंजिनं, तीन शाफ्ट असं वाचलंय, तर लहान प्रतिकृतीत तीनही चालते ठेवावेत का? आणि शाळेच्या फलकावर ‘कराचीवर हल्ला करणारी नौका हीच’ असं लिहिलं तर चालेल का? नेटवर बऱ्याच ठिकाणी चपळबद्दल तसंच लिहिलेलं दिसतं.

दर्यासारंग:
तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो चुकला तर बाकी सगळं चुकीच्या पायावर उभं राहील. नाही, तसं लिहू नका. चपळ नौदलात आली नोव्हेंबर १९७६ मध्ये, म्हणजे युद्ध संपून पाच वर्षं होत आल्यावर. २००५ ला ती निवृत्त झाली आणि २००६ मध्ये कारवारच्या रवींद्रनाथ टागोर किनाऱ्यावर संग्रहालय झाली. तिचा नंबर के ९४.

१९७१ ला नौदलात होत्या त्या विद्युत वर्गाच्या आठ नौका: वीर, विद्युत, विजेता, विनाश, निपात, नाशक, निर्भीक, निर्घात. नंबर याच क्रमानं के ८२ ते के ८९. म्हणजे तुमच्या निपातवर के ८६ येईल. सोव्हिएत ओसा-१ जातीच्या या नौका. चपळ ओसा-२ जातीची, आपल्याकडे चमक वर्ग: प्रबळ, प्रलय, प्रताप, प्रचंड, चपळ, चमक, चातक, चराग.

दोन वर्ग सख्ख्या बहिणींसारखे दिसतात म्हणून हा घोटाळा होतो. चपळ बघायला जरूर जावा, पण ती कोण आहे हे माहीत करून जावा.

ठोकळेबाज:
सारंग सर म्हणतात ते डोळ्यांनी तपासायची सोपी खूण सांगतो. क्षेपणास्त्रांचे डबे बघा.

चपळवर डेकच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन मोठी गोल पिंपं दिसतील, अंगावर आडव्या कड्या असलेली. पत्र्याचं धान्याचं पिंप आडवं ठेवून पुढचं तोंड वर उचलावं, तशी. ओसा-१ वर असं नव्हतं. तिथं चौकोनी बांध्याचे, वरच्या बाजूला गोलाई दिलेले, बंद खोलीसारखे डबे होते, गोल पिंपापेक्षा बरेच रुंद आणि अवजड दिसणारे.

कारण क्षेपणास्त्राच्या पंखात आहे. निपातवरच्या पी-१५ टर्मिटचे पंख पसरलेलेच असायचे, दुमडत नव्हते. पंखांचा पसारा सुमारे २.४ मीटर. तेवढी रुंदी डब्याला द्यावीच लागायची. पुढच्या सुधारित क्षेपणास्त्राचे पंख दुमडून बसायचे आणि सुटल्यावर उघडायचे. मग गोल, अरुंद नळी पुरली. पल्लाही साधारण ४० किमीवरून ८० किमीवर गेला.

थोडक्यात, चपळचे डबे मोजून निपातवर बसवले तर जाणकार माणूस दहा पावलांवरून चूक ओळखेल.

रंकाळा_काठ:
बरं झालं विचारलं. मग चपळवरून घेण्यासारखं काय राहिलं? का तिकडं जाणंच रद्द करू?

ठोकळेबाज:
रद्द कशाला? नौकेचं मूळ अंग दोन्हींचं एकच: लांबी ३८.६ मीटर, रुंदी ७.६ मीटर. हल (नौकेचं खालचं अंग), नाळेचा म्हणजे पुढच्या टोकाचा उतार, ट्रान्सम म्हणजे मागची सपाट भिंत, डेकची कमान, ३० मिमीच्या जुळ्या तोफांचे दोन बुटके गोल घुमट, मागच्या तोफेच्या रडारचं पिंप हे सगळं चपळवरून बिनधास्त घ्या. डबे, त्यांचे पाय आणि डब्यांलगतची डेकवरची मांडणी मात्र १९७१ च्या फोटोंवरून.

१:४० ला आकडे असे येतात:

लांबी ९६५ मिमी, रुंदी १९० मिमी. टर्मिट क्षेपणास्त्र ५.८ मीटरचं, म्हणजे १४५ मिमी. पंखांचा पसारा ६० मिमी, त्यामुळे डब्याची आतली रुंदी ६० च्या खाली आली तर आपलंच माप चुकलं असं समजायचं.

वजन हा खरा कळीचा मुद्दा. पूर्ण भारात खरी नौका सुमारे २१० टन. वजन प्रमाणाच्या घनानं उतरतं: ४० × ४० × ४० = ६४,०००. म्हणजे प्रतिकृती पाण्यात योग्य रेषेवर बसायला एकूण वजन ३.३ किलोच्या आसपास हवं. जास्त झालं की नाळ पाण्यात घुसते, कमी झालं की तळ दिसतो आणि नौका खेळण्यासारखी वाटते.

हलसाठी २०० जीएसएमचं (चौरस मीटरला २०० ग्रॅम) काचकापड तीन थर, इपॉक्सीबरोबर. पृष्ठभाग ०.३ चौरस मीटर धरला आणि कापडाइतकंच रेझिन धरलं तर हल साडेतीनशे ते चारशे ग्रॅममध्ये होतो. चौथा थर लावायचा मोह टाळा. डेक आणि वरचं बांधकाम सगळं मिळून ४०० ग्रॅमच्या आत ठेवा, त्यासाठी अर्धा ते पाऊण मिमीचा स्टायरिन पत्रा. क्षेपणास्त्रांचे डबे प्लायवूडचे केलेत तर वरचं वजन वाढून वळणावर प्रतिकृती कलंडेल. खऱ्या नौकेतही हीच अडचण होती: दोन टनांहून जड अशी चार क्षेपणास्त्रं डेकच्या वर! म्हणून खालचं अंग पोलादी आणि वरचं बांधकाम ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं.

वेग: ३८.५ नॉट म्हणजे सेकंदाला १९.८ मीटर. वेग प्रमाणाच्या वर्गमुळानं उतरतो, ४० चं वर्गमूळ ६.३२. म्हणजे प्रतिकृती सेकंदाला ३.१ मीटरनं धावली की नाळेची लाट खऱ्यासारखी उठेल. त्याहून जोरात पळवायची गरज नाही, दिसायला खोटी दिसते.

तीनही शाफ्ट चालते ठेवा. मात्र एकाच जातीच्या तीन मोटरी घेऊन तिन्हींना वेगवेगळे नियंत्रक द्या. एकाच नियंत्रकावर तिन्ही जोडल्या आणि एका पंख्यात गवत अडकलं की त्या मोटरीचा करंट वाढून नियंत्रक बंद पडतो आणि प्रतिकृती तळ्याच्या मध्यात उभी राहते.

उद्यमनगर_लेथ:
इंजिनावर कोणी बोललं नाही, म्हणून लिहितो. या नौकेचं इंजिन हे जगात वेगळं प्रकरण आहे.

निपातवर तीन एम-५०३ डिझेल इंजिनं, लेनिनग्राडच्या झ्वेज्दा कारखान्याची. प्रत्येकी सुमारे ४,००० अश्वशक्ती, २,२०० आरपीएमला. एका इंजिनात ४२ सिलिंडर. ते एका ओळीत किंवा व्ही आकारात नाहीत. सहा-सहा सिलिंडरचे सात ब्लॉक एकाच क्रँकशाफ्टभोवती चांदणीसारखे गोल लावलेले. दोन शेजारच्या ब्लॉकमधला कोन ३६० भागिले ७, म्हणजे ५१ अंशांहून थोडा जास्त. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) १६० मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) १७० मिमी. गुणाकार करून बघा, ४२ सिलिंडरचे १४३.६ लिटर होतात.

क्रँकच्या एका पिनवर सात पिस्टनांचा भार येतो. सात कनेक्टिंग रॉड शेजारी-शेजारी बसवले असते तर क्रँक भलताच लांब झाला असता. म्हणून विमानाच्या गोल इंजिनासारखी युक्ती: एक मुख्य रॉड क्रँकपिनवर, बाकीचे सहा त्या मुख्य रॉडच्या डोक्यावर पिनांनी जोडलेले.

आपल्या भागातल्या माणसाला पटेल अशी तुलना करतो. शेतावरच्या पंपाला लागतं ते एक सिलिंडरचं, ६६१ सीसीचं, सात अश्वशक्तीचं इंजिन घ्या. बोअर ८७.५, स्ट्रोक ११०, १,५०० आरपीएम. एका लिटरमागं साडेदहा अश्वशक्ती. एम-५०३ देतं लिटरमागं जवळपास २८. पिस्टनचा सरासरी वेग पंपाच्या इंजिनात सेकंदाला ५.५ मीटर, एम-५०३ मध्ये साडेबारा मीटर. आणि एवढं सगळं साधारण साडेपाच टनांत बसवलेलं.

याची किंमत आयुष्यात मोजावी लागते. पंपाचं इंजिन हजारो तास ओढतं. हे इंजिन काहीशे तासांत काढून उघडावं लागतं. अशी नौका म्हणूनच रोज गस्तीला वापरायची नसते. बंदरात जपायची, ओढत न्यायची, आणि गरजेच्या रात्री पूर्ण जोरात सोडायची.

चपळवर एम-५०४ होती: तीच मांडणी, पण ब्लॉकमागं आठ सिलिंडर, एकूण ५६, आणि ५,००० अश्वशक्ती. कुठं इंजिन बघायला मिळालंच तर एका ब्लॉकमधले सिलिंडर मोजा. सहा असतील तर ५०३, आठ असतील तर ५०४.

कागल_फाटा:
लेथवाले दादा, एक विचारतो. गोल मांडणीत खालचे ब्लॉक उलटे लटकतात. इंजिन बंद असताना तेल खालच्या सिलिंडरात उतरणार नाही का?

उद्यमनगर_लेथ:
उतरणारच, आणि गोल मांडणीच्या कुठल्याही इंजिनाचा हाच मोठा शत्रू. तेल पिस्टन रिंगांतून हळूहळू पाझरून खालच्या सिलिंडरच्या डोक्यात, म्हणजे ज्वलनाच्या जागेत साठतं. हवा दाबली जाते, तेल दाबलं जात नाही. तशात इंजिन जोरात फिरवलं की पिस्टन त्या तेलावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. लगेच तुटला तर समजतं तरी. नुसता थोडा वाकला तर इंजिन चालू होतं, आणि पुढं कधीतरी पूर्ण भारावर असताना रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो.

म्हणून अशा इंजिनाचा शिरस्ता ठरलेला. आधी तेल आणि पाणी गरम करायचं, कारण थंड तेल घट्ट असतं आणि बेअरिंगपर्यंत पोचायला वेळ लागतो. मग वेगळ्या पंपानं तेलाचा दाब तयार करायचा. मग क्रँक हळूहळू पूर्ण दोन फेरे फिरवायचा, चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरचं चक्र दोन फेऱ्यांत पुरं होतं म्हणून. कुठं अडकला तर जोर लावायचा नाही, उलट फिरवूनही सोडायचा नाही. उलट फिरवलं तर तेल इनलेटच्या नळीत ढकललं जातं आणि चालू करताच पुन्हा सिलिंडरात येतं. तेल काढूनच पुढं जायचं. सगळं मोकळं आहे अशी खात्री झाली की मग दाबाखालच्या हवेनं स्टार्ट.

दर्यासारंग:
इंधनाचा हिशेब जोडतो, त्याशिवाय कराचीची मोहीम कळत नाही. एका अश्वशक्तीला तासाला १६५ ग्रॅम डिझेल धरा. तीन इंजिनं पूर्ण जोरात असली तर तासाला जवळजवळ दोन टन. ३८.५ नॉट म्हणजे ताशी ७१ किमी, म्हणजे किलोमीटरला २८ किलो डिझेल. ३० नॉटवर या नौकेचा एकूण पल्ला ८०० सागरी मैल. मुंबई ते कराची साधारण ५०० मैल. जाऊन लढून परत यायचं गणित स्वतःच्या टाकीवर बसतच नाही.

ही नौका मुळात स्वतःच्या किनाऱ्याच्या राखणीसाठी बनलेली. तिला शत्रूच्या दारात नेणं ही आपल्या नौदलाची कल्पना. या नौका सोव्हिएत जहाजांच्या डेकवरून कोलकात्याला आल्या, कारण एवढं वजन एकदम उचलणारी क्रेन तिथंच होती. तिथून दक्षिणेला वळसा घालून त्या ओढत मुंबईला आणल्या. ओढत आणलं तर इंजिनाचे तास आणि डिझेल दोन्ही वाचतात आणि दूरवर मारा करता येतो, हे त्या प्रवासात दिसलं.

४ डिसेंबरच्या रात्री ऑपरेशन ट्रायडंटमध्ये तीन नौका होत्या: निपात, निर्घात, वीर. सोबत किल्तान आणि कच्छल या ‘पेट्या’ नावाच्या सोव्हिएत जातीच्या दोन पाणबुडीविरोधी नौका, आणि इंधनासाठी ‘पोषक’ नावाचा टँकर. पथकाचं नेतृत्व कमांडर बब्रुभान यादव यांच्याकडे, ते निपातवर होते. निपातचे कप्तान लेफ्टनंट कमांडर बी. एन. कविना, निर्घातचे आय. जे. शर्मा, वीरचे ओ. पी. मेहता. यादवांना महावीरचक्र, तिन्ही कप्तानांना वीरचक्र.

दिवसा लांब थांबून राहायचं, विमानांच्या टप्प्याबाहेर, आणि अंधार पडल्यावर उत्तरेला धाव घ्यायची, अशी आखणी. १०:४५ च्या सुमारास निर्घातनं पहिलं क्षेपणास्त्र सोडलं ते खैबर या विनाशिकेवर. खैबरनं आकाशात जवळ येणारा तेजस्वी प्रकाश पाहिला आणि विमान समजून विमानविरोधी तोफा चालवल्या. बॉयलरच्या खोलीत स्फोट झाला, तरी तिथून गेलेला संदेश शत्रूच्या विमानांनी हल्ला केल्याचाच होता. दुसऱ्या क्षेपणास्त्रानं ती बुडाली. ११ च्या सुमारास निपातनं व्हीनस चॅलेंजर हे मालवाहू जहाज बुडवलं आणि शाहजहान या विनाशिकेला जबर घाव घातला. वीरनं मुहाफिज ही सुरुंग काढणारी नौका मारली. तिचं अंग लाकडी, एका क्षेपणास्त्रात संपली, संदेश पाठवायलाही वेळ मिळाला नाही. मग निपात आणखी पुढं गेली आणि तिनं कराची बंदरातल्या केमारीच्या तेलटाक्या पेटवल्या.

८ डिसेंबरच्या रात्री ऑपरेशन पायथनमध्ये एकट्या विनाशनं, ‘तलवार’ आणि ‘त्रिशूल’ या युद्धनौकांच्या सोबतीनं, चार क्षेपणास्त्रं सोडली. कप्तान लेफ्टनंट कमांडर विजय जेरथ. केमारीच्या टाक्या पुन्हा पेटल्या, गल्फ स्टार बुडालं, हारमॅटन आणि ढाका या जहाजांची नासधूस झाली.

गंगावेस_९:
सर, पेट्या नौका सोबत का लागल्या? रडार तर क्षेपणास्त्र नौकांवरही होतंच ना?

दर्यासारंग:
होतं, आणि चांगलं होतं. पण नौका बुटकी. पृथ्वीच्या गोलाईमुळं रडार किती लांब बघेल ते अँटेना आणि लक्ष्य यांच्या उंचीवर ठरतं. दोन्ही उंचींची मीटरमधली वर्गमुळं मिळवून २.२ नं गुणा, उत्तर सागरी मैलात. अँटेना १२ मीटरवर आणि समोरच्या जहाजाचा डोलारा २५ मीटर धरला तर साडेअठरा मैल, म्हणजे ३४ किमी. क्षेपणास्त्र ४० किमी जातं, पण रडारला तेवढं दिसेलच असं नाही. उंच डोलकाठीची सोबतीची नौका आधी बघते आणि दिशा-अंतर कळवते.

अरबी समुद्रात हिवाळ्यात एक फायदाही मिळतो. समुद्रालगतच्या दमट हवेवर कोरडी उबदार हवा बसली की रडारच्या लहरी त्या थरात अडकून वाकत जातात आणि हिशेबापेक्षा खूप लांबचं दिसतं. मात्र त्यावर भरवसा ठेवता येत नाही. हवा बदलली की ते दिसणं गेलं.

आणखी एक बारीक गोष्ट: खलाशी व्लादिव्होस्तोककडं शिकून आलेले, रशियन बोलायचे. त्या रात्री रेडिओवर आपसात रशियनच वापरली, ऐकणाऱ्याला बोध होऊ नये म्हणून.

ठोकळेबाज:
शाळेतल्या मुलांना सांगण्यासारखं क्षेपणास्त्राबद्दलही लिहितो. टर्मिटचं इंजिन द्रव इंधनावर. एका टाकीत नायट्रिक ॲसिडवर आधारलेला ऑक्सिडायझर, दुसऱ्यात अमाइनचं इंधन. दोन्ही एकमेकांना भेटले की काडी न लावता पेट घेतात. म्हणून दोन्ही भरायची वेळ वेगळी, नळ्या वेगळ्या, भांडी वेगळी. माणसं रबरी पोशाखात, तोंडावर वायूचा मुखवटा, आणि पाण्याचा पाइप चालू स्थितीत हाताशी. ॲसिड भरून ठेवलेलं क्षेपणास्त्र हवं तितके दिवस ठेवता येत नाही, टाकी आणि झडपा खाल्ल्या जातात. घन इंधनाचा बूस्टर खाली लटकलेला असतो, तो सुरुवातीचा धक्का देऊन गळून पडतो.

स्फोटक ४५४ किलो. त्यात जवळून मारलं तर टाकीत उरलेलं इंधनही लक्ष्यावरच पेटतं. खैबर आणि केमारीच्या आगीमागं हा भागही होता.

प्रतिकृतीसाठी यातून एवढंच घ्या: मागचे डबे पुढच्यांपेक्षा जास्त वर उचललेले दाखवा. मागचं क्षेपणास्त्र पुढच्या डब्यावरून गेलं पाहिजे ना! सगळे एकाच कोनात बसवणं ही प्रतिकृतींमधली नेहमीची चूक.

शिरोली_वेल्डर:
या नौकांच्या पुढच्या आयुष्याचं कोणी बोलत नाही, आणि माझ्या मते धोका तिथंच जास्त आहे. युद्धनौका किनाऱ्यावर ठेवली की सुरक्षित झाली असं लोक समजतात. तसं नाही. कारवारला जाणार असाल तर मुलांना हेही दाखवा.

पाण्यात असताना हलवर जस्ताचे ठोकळे असतात, पोलादाऐवजी ते झिजतात. पण ते फक्त पाण्यात बुडालेले असताना काम करतात. जमिनीवर आल्या दिवशी त्यांचा उपयोग संपला. रंग हीच एक राखण उरते.

खाऱ्या वाऱ्यातलं मीठ पत्र्यावर बसतं. साधं मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर गेली की ओल धरतं. पण समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, ते ३३ टक्क्यांनाच ओलं होतं. म्हणजे आपल्याला कोरडा वाटणारा दिवसही पत्र्यासाठी ओलाच. गंजावर नुसता रंग मारला तर मीठ आत बंद होतं आणि सहा महिन्यांत फोड येतात.

क्रम असा हवा. आधी जास्त दाबाच्या गोड्या पाण्यानं धुणं. मग मीठ किती उरलं त्याची पट्टी लावून चाचणी, चौरस मीटरला ५० मिलिग्रॅमच्या खाली येईपर्यंत पुन्हा धुणं. मग ब्लास्टिंग, म्हणजे दाबानं ग्रिटचे (खरखरीत कणांचे) फवारे मारून गंज काढणं, एसए अडीचपर्यंत, म्हणजे पत्रा जवळजवळ स्वच्छ दिसेपर्यंत. इथं सावध: या नौकेचा पत्रा मालवाहू जहाजासारखा जाड नाही. मोठा ग्रिट आणि पूर्ण दाब घेतला तर पत्रा लाटांसारखा वाकतो. बारीक गार्नेट, कमी दाब, नोझल लांब. लगेच त्याच दिवशी झिंक असलेला इपॉक्सी प्रायमर ६० ते ७५ मायक्रॉन, त्यावर एमआयओ (लोहखनिजाच्या चपट्या कणांचा) इपॉक्सी १२५ ते १५०, शेवटी पॉलियुरेथेन ५०.

पत्र्याची जाडी अल्ट्रासॉनिक मीटरनं तपासायची, साधारण फुटाफुटाच्या जाळीत. मूळ जाडीच्या पाव भागाहून जास्त गेलं असेल तर तेवढा तुकडा कापून नवा घालायचा, कोपरे गोल ठेवून. चौकोनी कोपऱ्यात वेल्डिंगचा ताण साठतो आणि तिथूनच चीर जाते. वरून ठिगळ मारू नये. दोन पत्र्यांमध्ये पाणी शिरतं, गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, आणि ठिगळ आतून फुगून वेल्ड उघडतं.

सर्वांत नाजूक जागा म्हणजे पोलादी डेक आणि ॲल्युमिनियमचं बांधकाम जोडलंय ती रेघ. दोन धातू, मध्ये खारं पाणी, म्हणजे बॅटरीच. झिजतं ॲल्युमिनियम. रिव्हेटच्या भोवती पांढरी भुकटी दिसायला लागली की समजायचं, आतली इन्सुलेशनची पट्टी गेली. तिथं लोखंडी ब्रशनं घासू नये, ब्रशचे कण ॲल्युमिनियममध्ये रुततात आणि नव्यानं झीज सुरू होते. लोखंडावर चालवलेला ग्रिट तिकडं वापरू नये. पट्टी बदलायची, बोल्टांना नायलॉनच्या बाही घालायच्या, तांबं असलेला रंग ॲल्युमिनियमजवळ नाही म्हणजे नाहीच.

आणि टेकू. पाण्यात सगळ्या अंगाला सारखा आधार असतो. जमिनीवर टेकू बल्कहेडच्या (आतल्या आडव्या भिंतीच्या) बरोबर खाली यायला हवेत. दोन फ्रेमच्या मधल्या पत्र्याखाली टेकू आला की तिथं खळगा पडतो, त्यात पाणी साठतं, तिथंच भोक पडतं. तळाचे ड्रेन प्लग काढून ठेवायचे. नाळेकडून हवा आत, मागून बाहेर, अशी वाट ठेवायची. बंद ठेवलेल्या नौकेत रात्री आतून दव सुटतं आणि पत्रा आतल्या बाजूनं कुजतो. बाहेरून चकचकीत रंग आणि आतून चाळण, असं या पद्धतीनंच होतं.

रंकाळा_काठ:
वेल्डर दादा, हे वाचून प्रतिकृतीइतकंच खऱ्या नौकेकडंही बघायची नजर आली. आम्ही तिथं गेलो तर मापं घेताना रंगाला धक्का लागणार नाही असं काय वापरावं?

शिरोली_वेल्डर:
पोलादी टेप पत्र्यावर घासत नेऊ नका, कापडी टेप घ्या. गोलाईसाठी जाड पुठ्ठा, कात्री आणि पेन्सिल: पुठ्ठा कापत कापत बसवायचा. टेप चिकटवायची नाही. आधी परवानगी घ्या, सगळं सांगून.

गंगावेस_९:
फोटो काढताना प्रत्येक चौकटीत एक मीटरची रंगवलेली काठी उभी धरा, कॅमेरा शक्य तितका लांब नेऊन झूम करा. जवळून रुंद लेन्सनं काढलेल्या फोटोत कडा फाकतात आणि माप खोटं येतं. सकाळचा तिरका उजेड घ्या, पत्र्याच्या जोडाच्या रेषा उठून दिसतात.

वाट: गडहिंग्लज, आजरा, आंबोली, सावंतवाडी, मग गोव्यातून महामार्ग ६६ नं कारवार. बेळगावकडून अनमोड घाटानंही जाता येतं. पावसाळ्यात नको. आंबोलीत धुकं आणि किनाऱ्यावर सरी, हातात पुठ्ठा घेऊन काहीच मोजता येत नाही. दिवाळीनंतर गेला तर डबे करायला चार आठवडे तरी मिळतील का ते आधी बघा, नाहीतर नौदल दिन पुढच्या वर्षीचा धरा.

ठोकळेबाज:
रंकाळ्यात उतरवताना: जलपर्णीची मुळं शाफ्टला गुंडाळतात, म्हणून पाण्याची मोकळी जागा आधी बघून ठेवा. पंख्याच्या पुढं बारीक तारेची जाळी लावायचा मोह होईल, लावू नका, पाणी अडून जोर जातो. त्यापेक्षा हलचं झाकण चार स्क्रूवर ठेवा म्हणजे दोन मिनिटांत मोकळं करता येईल. शाफ्टच्या नळीत ग्रीस भरा, बॅटरी मध्यभागी, तळाला. पहिल्यांदा घरच्या पाण्याच्या टाकीत तरंगवून, हातानं एका बाजूला ३० अंश कलवून सोडा. झटकन उभी राहिली तर ठीक. रेंगाळत उठली तर वजन वर आहे, डबे पुन्हा हलके करा.

कागल_फाटा:
निपात हे नाव नंतर दुसऱ्या नौकेला दिलं का? शाळेत मुलं नक्की विचारणार.

दर्यासारंग:
हो. १९८७ पासून वीर वर्गाच्या नव्या कॉर्व्हेट (छोट्या युद्धनौका) आल्या. त्यात वीर, निर्भीक, निपात, निर्घात, विनाश, विद्युत, नाशक ही नावं पुन्हा आली. त्या नौका मोठ्या, गॅस टर्बाइनच्या. नवी वीर आणि नवी निपात एप्रिल २०१६ ला एकाच दिवशी निवृत्त झाल्या, निर्भीक आणि निर्घात जानेवारी २०१८ ला. त्यामुळं ‘निपात २०१६ ला निवृत्त झाली’ असं कुठं वाचलं तर ती ही नव्हे. के ८६ ती वेगळी.

रंकाळा_काठ:
फलकाचा मजकूर असा केलाय, तपासून सांगा:

“भारतीय नौदलाची क्षेपणास्त्र नौका निपात, के ८६. ४ डिसेंबर १९७१ रोजी कराचीवरील हल्ल्यात सहभागी. प्रमाण १:४०. नौकेच्या अंगाची मापे कारवार येथील चपळ (१९७६) वरून घेतली. क्षेपणास्त्रांचे डबे १९७१ च्या छायाचित्रांवरून.”

दर्यासारंग:
बरोबर आहे. ‘कमांडर बब्रुभान यादव याच नौकेवर होते’ हे एक वाक्य वाढवा.

ठोकळेबाज:
आणि के ८६ रंगवताना आकडा डब्याच्या सावलीत जाणार नाही एवढा पुढं घ्या. जागा १९७१ च्या फोटोवरूनच धरा.